सीमेवरचे मूल आणि चित्रांचे पुस्तक

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णे मागे पडले की तिगाव लागते, आणि पुढे चिचोंड्याचा घाट सुरू होतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे गाव आणि नागपूर एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णे व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तरी राज्यकारभाराची भाषा हिंदीच आहे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी ऐकणाऱ्या येथील मुलाच्या हाती पहिले चित्रपुस्तक कोणते द्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे. १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे निघालेले कोमेनियसचे 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठी रचलेल्या चित्रपुस्तकांचे आद्य उदाहरण मानले जाते. त्यात एकाच चित्राशेजारी लॅटिन व जर्मन असे दोन्ही मजकूर होते. म्हणजे चित्रपुस्तक जन्मले तेच मुळी दोन भाषांमधला पूल म्हणून!

मराठीत विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' मासिकाने १८८१ पासून मुलांना वाचनाची गोडी लावली. तथापि तेथे प्राधान्य अक्षराला होते. अक्षरओळख नसलेल्या बालकाचा विचार पुढे ताराबाई मोडकांनी केला. १९४५ पासून बोर्डी येथे काम करताना त्यांनी महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया अशा परिसरातील वस्तू मुलांपुढे ठेवल्या. ओळखीतून अनोळखीकडे जावे, हे त्यातील तत्त्व चित्रांनाही लागू पडते.

१९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेत तीच चित्रे अनेक भारतीय भाषांतील मजकुरासह दिली. तिगावच्या मुलाला ही मोठीच सोय होय. एका चित्रावर त्याला दोन्ही भाषांतील शब्द ठेवता येतात. मात्र साऱ्या देशासाठी काढलेले चित्र कधी कधी कोणत्याच गावाचे राहत नाही. उलट माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत शब्द व चित्र एकाच हातचे असल्याने घर, अंगण, माणसे खरी वाटतात. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

यावरून आम्ही शिक्षकांपुढे तीन कसोट्या ठेवतो. मजकूर झाकून पाहावा. चित्रांवरून मुलाला गोष्ट सांगता आली पाहिजे. मग मजकूर मोठ्याने वाचावा; जिभेला अडणारे भाषांतर बाजूस सारावे. शेवटी पुस्तक मुलाकडे देऊन आपण गप्प बसावे; ते पुन्हा पहिल्या पानाकडे वळले, तर निवड योग्य झाली असे समजावे.

संत्र्याची बाग किंवा पोळ्याचा बैल दिसताच मूल घरचा शब्द उच्चारील, मग शाळेचा. दोहोंपैकी एकही दुरुस्त करू नये. घरचा शब्द पुस्तकात शोभत नाही, असे मुलाने एकदा मनाशी धरले की तो शब्द सोडण्यास त्याला फार वर्षे लागत नाहीत. राज्याची सीमा आम्हांस हलविता येत नाही. पण ती मुलाच्या पहिल्या पुस्तकातून जाऊ न देणे आमच्या हाती आहे.