टोपी खिशात

आमच्या घरात बंदूक होती म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाघच उभा राहतो. तसं काही नव्हतं. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत. ज्वारीचं कणीस भरू लागलं की रानडुकरं एका रात्रीत निम्मं शेत लोळवायची. त्यांच्यासाठी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ठासणीची बंदूक बाळगली होती.

इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला आणि बंदुकीला परवाना लागू लागला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. रायफल मात्र साहेबाची, संस्थानिकाची, नाहीतर हौशी शिकाऱ्याची. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, तिची गोळी मैलभर जाते. आमच्या बंदुकीची नळी गुळगुळीत. छर्रे थोड्या अंतरावर दम टाकायचे. पण जवळच्या माणसाला दोन्ही सारखीच.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी मापाने दारू, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा. शेवटी मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एकदा भरलेली बंदूक सहज रिकामी करता येत नाही, म्हणून ती भरलेलीच घेऊन हिंडावं लागे. सगळी भिस्त त्या टोपीवर. आबांचा नियम एकच : "टोपी खिसामा, बंदूक खांदावर." माळ्यावर चढून बसल्याशिवाय टोपी बाहेर निघत नसे. तोवर घोड्याखाली चामड्याचा तुकडा.

बंदूक वागवायची त्यांची रीतच होती. मूळचा पट्टा अरुंद, तासाभरात खांद्यात रुतायचा. आबांनी तो काढून खाटेची जुनी रुंद नवार लावली होती. मोकळ्या रानात नळी आभाळाकडे. झाडीत शिरलं की बंदूक खांद्यावरून उतरवून छातीशी आडवी धरायची, कारण उंच नळी फांदीत अडकते आणि माणूस ती हिसडतो. बांध ओलांडताना बंदूक आधी दुसऱ्याच्या हाती द्यायची, तीही दस्ता पुढे करून. माळ्यावर चढताना हातात घ्यायचीच नाही. वर गेल्यावर दोरीने ओढायची, दस्ता वर आणि नळी खाली. तोंड मातीत टेकलं तर आधी बघायचं, कारण चिखलाने बुजलेली नळी बार उडताना फाटते. आणि बंदूकवाला नेहमी सगळ्यांच्या पुढे. "भरेल शे का रिकामी, हाई इचारानंच नही. भरेल शे असंच समजानं."

आमच्या शेताचा जागल्या भिल्ल होता. आम्ही पोरं त्याला काका म्हणायचो. त्याच्याकडे तीरकामठा. काका दोरीवर तीर लावून कधी चालायचा नाही. जनावर दिसलं की मगच तीर दोरीवर चढे. आबांचा टोपीचा नियम आणि काकाचा तिराचा नियम एकच, हे मला फार उशिरा उमगलं.

काकाच्या लोकांना बंदूक अनोळखी नव्हती. 1825 साली जेम्स आउट्रम नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. आउट्रम नावाजलेला शिकारी. भिल्लांबरोबर शिकार करत त्याने त्यांचा विश्वास मिळवला आणि कालपर्यंत ज्यांना सरकार बंडखोर म्हणत होतं, त्यांच्याच हाती सरकारी बंदूक दिली. पण ती वर्दीपुरती. आमच्या शेतात बंदूक मालकाची आणि कामठा जागल्याचा, अशीच वाटणी होती.

1968 ची गोष्ट. मी चौदा वर्षांचा. आबांना ताप होता. डुकरं आली म्हणून काका बोलवायला आला. आबांनी बंदूक माझ्या खांद्यावर दिली, फक्त माळ्यापर्यंत न्यायला. परवाना त्यांचा, तेव्हा हेही चूकच. वाटेत ज्वारीत खसफस झाली आणि मी गुपचूप चामडं काढून टोपी चढवली. बॅटरी काकाच्या हातात, म्हणून त्याला मीच पुढे जाऊ दिलं. नाल्याच्या उतारावर पाय घसरला, घोडा बोरीच्या फांदीत अडकून मागे ओढला गेला आणि सुटला.

बार रेतीत गेला. बहुतेक. दोन-तीन छर्रे काकाच्या पोटरीत शिरले. तो खाली बसला, पोटरी दाबली, मग आधी माझ्या हातातली बंदूक काढून घेतली. सकाळी लंगडत ओट्यावर आला. आबांनी विचारलं. "काटा लागना, आबा," एवढंच तो म्हणाला. मी खाली मान घालून उभा होतो. आबांनी बंदूक हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर ती कधी माझ्या खांद्यावर दिली नाही.

काका गप्प का राहिला? तेव्हा मला वाटलं, मायेनं. असेलही. पण मालकाच्या नातवाविरुद्ध बोलायची सोय त्याला होती का, हे मी स्वतःला विचारलं नाही. पुढे 1971 मध्ये आमच्याच तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर बंदूक चालली, तेव्हा ते विचारावंसं वाटलं. काकाला विचारायचं धाडस मात्र झालं नाही. एक छर्रा शेवटपर्यंत त्याच्या पोटरीत राहिला. थंडीत तो तिथे हात फिरवायचा.

1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम बसला. बंदूक खुंटीवर गेली, निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायची, एवढाच तिचा प्रवास उरला. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. आबा गेल्यावर ती कायमची जमा करायला मीच गेलो. हवालदारांनी विचारलं, "रिकामी आहे ना?"

मी हो म्हटलं नाही. गज नळीत सोडला. गजावर आबांनी कोरलेली खूण होती : नळी रिकामी असेल तर खूण बरोबर तोंडाशी येते, भरलेली असेल तर चार बोटं वर राहते. खूण तोंडाशी आली. मग मी बंदूक त्यांच्या हाती दिली, दस्ता पुढे करून.