आजीच्या ओसरीचे चार कोस्टर

मागच्या उन्हाळ्यात आमचं अकोल्याचं जुनं घर पाडलं. मलब्यातून मी ओसरीची एक नक्षीदार फरशी उचलली, तर मामा म्हणाले, "काय करतं बे त्या फरशीचं?"

म्हटलं, चहाच्या कपाखाली ठेवायला कोस्टर.

तेव्हा मला या फरशीचा इतिहास ठाऊक नव्हता. इंग्रजांच्या काळात मोठ्या इमारतींना विलायती मिंटन टाइल लागायची. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती आजही पायाखाली आहे. १९२२ साली फेरोजशा सिधवांनी 'भारत फ्लोअरिंग्ज' काढली. विलायती मालाला स्वदेशी उत्तर! आमच्या फरशीमागे कुठलाच छाप नाही, पण घडण तीच. धातूच्या साच्याच्या खणांत हाताने रंगीत सिमेंट ओतायचं, साचा उचलायचा, मागे सिमेंट-रेती भरून प्रेसने दाबायचं. भट्टी नाहीच. नंतर फरशी पाण्यात मुरते.

भाजलेली नाही, म्हणून ती पाणी पिते. मी मात्र आठ इंची फरशीचे चार तुकडे कापून आणले आणि थेट लिंबू सरबताचा ग्लास ठेवला. आंबटाने सिमेंट खाल्लं, पांढरा डाग पडला. आधी दगडाचं सीलर लावायला हवं होतं. (खाली फेल्टही चिकटवा, नाहीतर टेबलावर ओरखडे.) चकचकीत सिरॅमिक टाइलला ही कटकट नाही. पण तिच्यावरून माझ्या आजीचं पोतेरं फिरलेलं नसतं.

डागाचा तुकडा मी ठेवला. एक अमरावतीला मावशीकडे गेला, दोन मामांकडे. मामांनी त्यावर अजून कप ठेवलेला नाही. दोन्ही देवघराशेजारी उभे करून ठेवलेत.