शस्त्रपरवाना शुल्क : आमगाव (जि. गोंदिया)

बंदूक बाळगण्याचा परवाना घेताना व त्याचे नूतनीकरण करताना सरकारकडे भरावी लागणारी रक्कम. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संविधानाच्या केंद्र सूचीत आहे. त्यामुळे आमगावच्या अर्जदाराला परवाना गोंदियाचे जिल्हादंडाधिकारी देतात, पण शुल्क ठरते ते शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या केंद्रीय नियमांनी. अधिनियमाच्या कलम १६ ने निरनिराळ्या परवान्यांना निरनिराळे शुल्क लावण्याची मुभा दिली आहे. न्याय्य शुल्काचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा. शुल्क छाननीच्या श्रमाइतके आणि शस्त्राच्या धोक्याला धरून असावे. बंदूक कोणाला नाकारायची हे पोलीस पडताळणीने ठरावे, रकमेने नव्हे.

आमगाव हा धानाचा तालुका. लोंबी भरली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी तुडवून टाकतो. पीकरक्षणाची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. या भरमार बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे घालून गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची. एक बार उडाला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कमरेला लपणाऱ्या, लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या पिस्तुलाशी तिची बरोबरी होत नाही, म्हणून दोन्हींचे शुल्कही सारखे असू नये. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. डुक्कर मारायला वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागतेच.

शुल्क चढे ठेवले तर बंदुका कमी होतील, असा एक आक्षेप असतो. पण चढ्या शुल्काने सधन माणूस अडत नाही, अडतो तो दोन एकरांचा शेतकरी. विदर्भात कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडण्याचे प्रकार होतात आणि त्यात माणसे व वाघही मेले आहेत. कायदेशीर वाट महाग करणे म्हणजे शेतकऱ्याला त्या तारेकडे ढकलणे होय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बंदूक एकाची, मग तिच्या पडताळणीचा खर्च बाकीच्या करदात्यांनी का सोसावा? ब्रिटनने पूर्ण खर्चवसुलीचे हेच तत्त्व धरून फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदूक-परवान्याचे शुल्क ८८ पौंडांवरून १९८ पौंडांवर नेले. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला हे तत्त्व जरूर लावावे. भरमारीला ते जसेच्या तसे लावता येत नाही, कारण काटेकोर पडताळणीने सुरक्षित होतो तो सगळा गाव, एकटा परवानाधारक नव्हे. शिवाय शेतकऱ्याचा खर्च शुल्कावर थांबत नाही. गोंदियाच्या प्रत्येक खेपेला त्याची दिवसाची मजुरीही बुडते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, म्हणजे नूतनीकरणाचे कार्यालयीन काम घटले. त्या बचतीचा वाटा आधी पीकरक्षणाच्या परवान्याला मिळायला हवा.