दोन आण्यांसाठी दारात आलेली बँक

मागच्या महिन्यात एका ॲपचं नोटिफिकेशन आलं. रोज दहा रुपये बाजूला टाका, गेलेले कळणारही नाहीत. शेजारी 'नवीन' अशी लाल पट्टी. मी ते आईला दाखवलं. चष्मा वर करून तिनं वाचलं आणि म्हणाली, "ही तर पिग्मी."

तालुक्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खांद्याला बॅग अडकवून संध्याकाळी दुकानोदुकानी फिरणारा माणूस, कार्डावर रोजची एक नोंद, वर्षाअखेर एकरकमी पैसे. इंग्रजीत पिग्मी म्हणजे बुटका. आफ्रिकेतल्या काही जमातींना युरोपियनांनी दिलेलं हे नाव. आज कुठल्याही मार्केटिंगवाल्यानं ते ठेवायचं धाडस केलं नसतं. पण आपल्याकडे ते इतकं रुळलं, की 'पिग्मी भरली का?' या वाक्यात कुणाला इंग्रजी दिसतच नाही.

ही कल्पना उडुपीची. उडुपी तेव्हा मद्रास इलाख्यातल्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होतं. या एका जिल्ह्यातून पुढे राष्ट्रीयीकरण झालेल्या चार बँका निघाल्या. त्यांतली एक १९२५मध्ये तिघांनी सुरू केली: पेशानं डॉक्टर असलेले टी. एम. ए. पै, त्यांचे कापडव्यापारी भाऊ उपेंद्र पै आणि इंजिनिअर वामन कुडवा. भांडवल ८,००० रुपये. त्या भागातले हातमाग विणकर तेव्हा अडचणीत होते, त्यांना हात द्यायचा हा हेतू. नाव लांबलचक होतं, 'कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट'. पुढे तीच सिंडिकेट बँक झाली. १९२८मध्ये या बँकेनं पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज तुमच्या दारात येणार आणि कमीत कमी दोन आणे घेऊन जाणार.

सोळा आण्यांचा रुपया. रोज दोन आणे म्हणजे वर्षाला ४५ रुपये १० आणे. आकडा छोटाच. पण तेव्हाची बँक कशी होती ते डोळ्यांसमोर आणा. काउंटर, फॉर्म, सही, इंग्रजी, धुतलेले कपडे. वेळ सकाळी दहाची, म्हणजे नेमकी विणकराच्या किंवा मासळीवालीच्या कामाची. बँकेत जायचं तर त्या दिवसाची कमाई बुडणार आणि भरायचे किती, तर दोन आणे! त्या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. फक्त चालायचं कुणी, हे उलटं केलं.

आणि 'रोज' हा भाग मला तर त्याहून हुशारीचा वाटतो. महिन्याला चार रुपये भरा असं सांगितलं, तर ते चार रुपये महिनाभर घरात जपावे लागतात. तीच तर खरी अडचण. आजारपण आहे, पाहुणे आहेत, दारू आहे, उसने मागणारा दीर आहे. हातावर पोट असलेल्याकडे पैसे संध्याकाळी येतात आणि सकाळपर्यंत त्यांना पाय फुटतात. मधे कुणीतरी दार वाजवायला हवं.

या दार वाजवण्याला लोक किती किंमत देतात? गरिबांच्या पैशांचा अभ्यास करणाऱ्या स्टुअर्ट रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या वस्त्यांमधल्या एका बाईबद्दल लिहिलंय. ती घरोघरी जाऊन रोज पाच-पाच रुपये गोळा करायची, २२० वेळा. झाले १,१००. परत द्यायची १,०००. म्हणजे व्याज मिळणं दूरच, ठेवीदारच शंभर रुपये मोजायचे, आणि तरीही खूश असायचे. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना हे पटलं नसतं. आईला लगेच पटलं.

पण चालायचं कुणी हे उलटं झालं, म्हणजे दुसरं कुणीतरी चालू लागलं. पिग्मी एजंटला पगार नाही, जमवलेल्या रकमेवर कमिशन. हे आमचे कर्मचारी नाहीत, स्वतंत्र एजंट आहेत, असं बँका म्हणत राहिल्या. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१मध्ये निकाल लागला: हे लोक औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगारच आहेत आणि त्यांचं कमिशन हे वेतनच आहे. नियमित कारकून म्हणून सामावून घेण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. पिझ्झा आणून देणाऱ्या मुलाला कंपनी 'पार्टनर' म्हणते, तेव्हा मला हा निकाल आठवतो.

महाराष्ट्रात पिग्मी सगळ्यात जास्त फोफावली ती पतसंस्थांमध्ये. आई घरी ब्लाउज शिवायची, पिको-फॉल करायची. सातच्या सुमाराला काका यायचे. "वहिनी, आज किती?" वीस, कधी पन्नास. कधी ती नुसती मान हलवायची, मग ते "असू दे, उद्या" म्हणून पुढे जायचे. आज धंदा झाला नाही हे त्यांना मशीनकडे बघून कळायचं. ॲपला ते कळत नाही.

मी दहावीत असताना ती पतसंस्था बंद पडली. कर्जं संचालकांच्या नातेवाइकांना गेली होती, असं गावात बोललं जायचं. तेव्हा आम्हाला एक गोष्ट कळली, जी दारात येणाऱ्या कुणीच सांगितली नव्हती: बँक बुडाली तर ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, आज ते पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेला ते लागू नाही. पिग्मीचं कार्ड दोन्हीकडे सारखंच दिसतं.

लोकांनी संचालकांना गाठलं नाही, काकांना गाठलं. भर बाजारात कॉलर धरली. त्यांची स्वतःची सुरक्षा ठेव त्याच संस्थेत अडकली होती. आईचे अकरा हजार होते. काही महिन्यांनी एका संध्याकाळी ते आले, उंबऱ्याबाहेरच थांबले आणि तीनशे रुपये पुढे केले. आईनं घेतले नाहीत, चहा टाकला. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या संस्थेची बॅग घेऊन आले आणि आईनं वीस रुपये दिले. मी चिडून विचारलं, कशाला? ती म्हणाली, "घरात राहिले असते का?"

ॲप मी अजून घेतलेलं नाही. पैसे नेमके कुठे जातात, हे त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलंय. ते आधी वाचून काढतोय.