लग्नाचा पुरावा : जोडीदाराच्या व्हिसाची दीडशे वर्षे

नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात आणि दोघांच्या मध्ये एक सरकारी कचेरी, ही स्थिती आज ओळखीची वाटते. पण तिचा इतिहास फार लांबचा नाही. एकोणिसाव्या शतकात परदेशी गेलेल्या भारतीय जोडप्यांची ताटातूट व्हायची ती प्रवासखर्च, नोकरी आणि समाजाचा रोष यांमुळे. आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे पती गोपाळराव मागे राहिले आणि काही काळाने तिकडे गेले. परदेशगमनाबद्दल आनंदीबाईंना टीका भरपूर सोसावी लागली, पण पतिपत्नींना एकमेकांकडे जाण्यासाठी कुठल्या वकिलातीची परवानगी लागली नाही.

याच अमेरिकेने चिनी जोडप्यांसाठी मात्र दार आधीच लोटून घेतले होते. १८७५चा पेज कायदा वरकरणी ‘अनैतिक कामासाठी’ आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांविरुद्ध होता. प्रत्यक्षात हाँगकाँगमधल्या अमेरिकी कॉन्सलच्या कचेरीत प्रत्येक चिनी स्त्रीची उलटतपासणी होऊ लागली. आपण कोणाची तरी लग्नाची बायको आहोत हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच आला. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली आणि दोन वर्षांनी न्यायालयाने ठरवले, की मजुराची बायकोही कायद्याच्या दृष्टीने मजूरच, तिने आयुष्यात मजुरी केलेली असो वा नसो. व्यापाऱ्याच्या बायकोला मात्र प्रवेश मिळू शकत होता. पत्नीचा दर्जा म्हणजे पतीच्या दर्जाची सावली, हे सूत्र इथे पक्के झाले. आजच्या व्हिसाच्या अर्जातला ‘डिपेंडंट’ हा रकाना त्याच सूत्राचा वंशज आहे.

जपान्यांची गोष्ट वेगळी घडली. १९०७-०८च्या समझोत्यानुसार जपानने अमेरिकेला जाणाऱ्या मजुरांना पासपोर्ट देणे थांबवले. पण तिथे आधीच स्थायिक झालेल्यांच्या बायका, मुले आणि आईवडील यांना जाता येत होते. मग कॅलिफोर्निया आणि हवाईतल्या जपानी पुरुषांची लग्ने छायाचित्रांवरून जमू लागली. मध्यस्थामार्फत दोन्हीकडची छायाचित्रे पोहोचायची. मुलीचे नाव वराच्या कुटुंबाच्या नोंदवहीत चढले की जपानी कायद्याने लग्न लागले. वधू जहाजाने सान फ्रान्सिस्कोला यायची आणि १९१० नंतर एंजल बेटावरच्या ठाण्यात तिची तपासणी व्हायची. नवऱ्याचे छायाचित्र कधी दहा वर्षांपूर्वीचे निघे, कधी दुसऱ्याच माणसाचे. अमेरिकी अधिकारी नोंदवहीतले लग्न मान्य करत नसल्याने अनेक वर्षे बंदरातच जोडप्यांचा पुन्हा विवाह लावला जाई. १९२० मध्ये जपानने अशा वधूंना पासपोर्ट देणे बंद केले आणि १९२४च्या अमेरिकी कायद्याने उरलेला मार्गही बुजला.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे पेटला तो दक्षिण आफ्रिकेत. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप या तिथल्या रहिवाशाने आपली पत्नी बाई मरियम हिला भारतातून आणले होते आणि तिला उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला होता. न्यायमूर्तींनी तो नकार ग्राह्य धरला. ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न वसाहतीच्या कायद्यापुढे लग्न नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पुरुषाला प्रत्यक्षात एकच बायको असली तरी त्याने फरक पडत नव्हता. या एका वाक्यरचनेने दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदू आणि मुसलमान संसारांच्या पायाखालची जमीन सरकली. गावी गेलेल्या बायकोला परत आणता येईल का, मुलांना वारसाहक्क राहील का, हे सगळेच अधांतरी झाले.

तोवर गांधींच्या लढ्यात स्त्रियांना तुरुंगात जायला सांगितले गेले नव्हते. या निकालानंतर ते चित्र बदलले. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी परवान्याशिवाय ट्रान्सवालची सीमा ओलांडायला निघाली. तिच्यात कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. कस्तुरबा सुटल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. पुढे खाणकामगारांचा संप आणि तीन पौंडांच्या कराविरुद्धचा मोर्चा यांमुळे लढा विस्तारला, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तोच भाग ठळक राहिला. विवाहाच्या मान्यतेची मागणी ही त्या लढ्याची तितकीच महत्त्वाची बाजू होती, हे बऱ्याचदा विसरले जाते.

या लढ्याचे भारतातले केंद्र पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले होते. १९१२च्या अखेरीस त्यांनी स्वतः दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला होता. १९१३च्या हिवाळ्यात प्रकृती खालावलेली असतानाही ते निधी गोळा करत, तारा धाडत राहिले; अँड्र्यूज आणि पिअर्सन या इंग्रज सहकाऱ्यांना तिकडे पाठवण्यामागेही तेच होते. १९१४च्या इंडियन्स रिलीफ कायद्याने अखेर भारतीय धर्मरीतींनी झालेल्या लग्नांच्या नोंदणीची सोय केली आणि एका पत्नीला व तिच्या अल्पवयीन मुलांना प्रवेशाचा हक्क दिला.

कॅनडाने बायकांना अडवायला लग्नाच्या व्याख्येचीही गरज ठेवली नाही. १९०८च्या नियमानुसार मायदेशाहून थेट, न थांबता येणाऱ्या जहाजानेच तिथे उतरता येई, आणि भारतातून असे जहाज सुटतच नव्हते. व्हँकुव्हरचे भाग सिंग आणि बलवंत सिंग हे आपली कुटुंबे आणायला भारतात गेले. कलकत्ता आणि हाँगकाँगमध्ये दीर्घकाळ खोळंबून १९१२च्या जानेवारीत ते बायकामुलांसह व्हँकुव्हरला पोहोचले. पुरुषांना आत घेतले गेले. बायकामुलांवर हद्दपारीचा हुकूम निघाला. काही महिन्यांनी ‘केवळ मेहेरबानी म्हणून’ त्यांना राहू दिले गेले. कॅनडातल्या भारतीयांना पत्नी आणि मुले आणण्याची मुभा मिळाली ती १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी रक्त सांडल्यानंतर.

त्या युद्धाने आणखी एक बदल केला. युद्धकाळातली पासपोर्टची सक्ती शांततेतही उठली नाही, आणि १९२०च्या कायद्याने भारतातही ती रुजली. नागरिकत्व हा संसाराचा पाया ठरू लागला. १९०७ पासून अमेरिकेत परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. १९२२च्या केबल कायद्याने ही तरतूद बरीचशी काढली, पण नवरा ‘नागरिकत्वास अपात्र’ वंशाचा असेल तर ती कायम ठेवली. लगेच १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय अपात्र ठरले. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी कीटिंग दास जन्माने अमेरिकी होत्या. त्यांना आपल्याच देशाचा पासपोर्ट नाकारला गेला. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना गावाकडून बायको आणणे अशक्य झाले, तेव्हा अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. त्यांच्यापैकी ज्यांची पहिली बायको पंजाबात होती, तिच्या वाट्याला काय आले याची नोंद क्वचितच सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला आपलाच कायदा आडवा आला. लाखो सैनिक परदेशांत होते आणि त्यांनी तिथे लग्ने केली होती. २८ डिसेंबर १९४५ रोजी युद्धवधूंसाठी कायदा झाला. पुढच्याच महिन्यात ‘अर्जेंटिना’ हे जहाज साउदॅम्प्टनहून सुमारे साडेचारशे ब्रिटिश वधू आणि त्यांची मुले घेऊन निघाले. १९४६ मध्ये वाग्दत्त वधूंसाठीही सोय झाली. ती तात्पुरती होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७० मध्ये, तिला के-१ व्हिसाचे कायम रूप मिळाले. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न, नाहीतर परत, ही त्याची अट आजही तीच आहे.

ब्रिटनची वाट उलटी होती. आधी दार उघडे होते, मग ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. १९६२च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या कामगारांवर बंधने आणली, तरी बायकामुलांना येता येत होते. १९६९ पासून त्यांना निघण्यापूर्वीच प्रवेशाचा दाखला घेणे सक्तीचे झाले. दिल्ली, मुंबई, ढाका इथल्या ब्रिटिश कचेऱ्यांत मुलाखतींसाठी रांगा लागल्या. नवऱ्याच्या भावंडांची नावे, घराला खोल्या किती, लग्नात कोण कोण आले होते, असे प्रश्न नवरा, बायको आणि नातेवाईक यांना वेगवेगळे विचारले जात. उत्तरांत तफावत आली की अर्ज नामंजूर.

२४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका भारतीय शिक्षिकेला थांबवण्यात आले. वय ३५. ती लंडनमधल्या आपल्या नियोजित वराशी लग्न करायला आली होती, आणि वाग्दत्त वधूला आगाऊ दाखला लागत नसे. ही आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय आला. तो फेडण्यासाठी तिची कौमार्य तपासणी करण्यात आली, तीही पुरुष डॉक्टरकडून. ‘गार्डियन’ने १ फेब्रुवारीला ही बातमी छापली, भारतात संताप उसळला आणि ब्रिटनला ही पद्धत थांबवावी लागली. पुढे उघड झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून कळले, की भारतीय उपखंडातल्या ऐंशीहून अधिक स्त्रियांना अशा तपासणीला तोंड द्यावे लागले होते. व्हिसाच्या इतिहासात याहून लाजिरवाणे पान क्वचितच सापडेल.

नवऱ्यांवरची तपासणी वेगळ्या प्रकारची होती. १९८०च्या दशकात लागू झालेल्या ‘मुख्य हेतू’च्या नियमानुसार, ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा लग्नाचा मुख्य हेतू नव्हता हे अर्जदाराने दाखवायचे होते. लग्न खरे असून भागत नव्हते. मनात काय नव्हते याचा पुरावा कोणी कसा द्यायचा? अधिकारी विचारत, तुमच्यात तर मुलगी सासरी जाते, मग तुम्ही बायकोच्या देशात का चाललात? रूढी मोडली म्हणजे हेतू ब्रिटनचाच, असा त्यांचा तर्क. न्यायालयांनी यातून थोडी वाट काढली. लग्नानंतरच्या विरहात दोघांची ओढ टिकून राहिली असेल, तर ती हेतूच्या प्रामाणिकपणाची खूण मानता येईल, असे म्हटले. त्यामुळे जोडपी पत्रांची बाडे आणि टेलिफोनची बिले वकिलांकडे जमा करू लागली. एकमेकांसाठी लिहिलेली पत्रे परक्या माणसासमोर मोठ्याने वाचली जाण्याची शक्यता गृहीत धरून लिहावी लागणे, ही त्या पिढीने मोजलेली किंमत होती.

२८ मे १९८५ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंदाली या तीन स्त्रियांच्या खटल्यात ब्रिटनला दोषी धरले. पुरुषांना पत्नी आणणे सोपे आणि स्त्रियांना पती आणणे अवघड, हा लिंगभेद होता. सरकारने तो मिटवला तो बायकांचेही नियम कडक करून. ‘मुख्य हेतू’चा नियम १९९७च्या जूनमध्ये गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी रद्द केला. २०१२ मध्ये उत्पन्नाची अट आली. जोडीदाराला आणायचे तर वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्न हवे. एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड. कमी पगाराच्या नोकरीत असलेल्याचे लग्न कितीही खरे असले तरी या अटीपुढे ते थांबते. वंश, मग हेतू, मग मिळकत असे निकष बदलत गेले आणि प्रत्येक वेळी तोटा गरिबाचाच झाला.

युरोपात या नियमांना वळसा घालणाऱ्या वाटाही निघाल्या. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाची ब्रिटिश पत्नी आणि तो स्वतः जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले होते. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले, की अशा जोडप्याला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते. मग कित्येक जोडपी काही महिने आयर्लंडमध्ये वा जर्मनीत राहून परतू लागली. डेन्मार्कने २००२ मध्ये दोन्ही जोडीदारांचे वय किमान २४ हवे अशी अट घातली, तेव्हा डॅनिश तरुण परदेशी जोडीदारासह स्वीडनच्या माल्म्योमध्ये राहू लागले आणि रोज पुलावरून कोपनहेगनला कामाला येऊ लागले. जर्मनीने २००७ पासून जोडीदाराला निघण्यापूर्वीच प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा लावली.

गोव्यात याची एक वेगळीच शाखा आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्यांना भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. ब्रिटनही युरोपीय संघात असेपर्यंत तिथे राहणाऱ्या अशा गोंयकाराच्या जोडीदाराला उत्पन्नाची अट लागू नव्हती. ती सवलत ब्रेक्झिटबरोबर गेली.

अमेरिकेत १९८६ पासून, लग्न होऊन दोन वर्षे झालेली नसतील तर जोडीदाराला आधी सशर्त ग्रीन कार्ड मिळते. संशय आला की दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून घरातले तेच तपशील विचारतात. समलिंगी जोडप्यांना हा मार्ग २०१३ पर्यंत मुळीच नव्हता. १९७५ मध्ये कोलोरॅडोत लग्न केलेल्या रिचर्ड ॲडम्स आणि टोनी सलिव्हन यांचा अर्ज सरकारने अपमानास्पद भाषेत फेटाळला होता. सलिव्हन यांना ग्रीन कार्ड मिळाले ते २०१६ मध्ये, ॲडम्स यांच्या निधनानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने.

पुण्या-मुंबईच्या घरांना सर्वांत जवळचा आहे तो अमेरिकेचा एच-४ व्हिसा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरच्या जोडीदाराला अमेरिकेत राहता येते, पण नोकरी करता येत नसे. एम.ई., एम.डी. झालेल्या मुली वर्षानुवर्षे घरात बसल्या. २६ मे २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला. मात्र त्यासाठी नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचलेली असावी लागते.

उलट दिशेचा प्रवासही आता नियमबद्ध आहे. १९५४चा विशेष विवाह कायदा आणि १९६९चा परदेशी विवाह कायदा यांखाली भारतीय आणि परदेशी जोडीदारांचे लग्न नोंदवता येते. २००५ पासून विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल हे प्रमाणीकरण घेतले की ते मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत तो चालतो. २०१५च्या दुरुस्तीनंतर भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, नोंदणीकृत लग्न सलग दोन वर्षे टिकलेले असल्यास, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्याआधी सुरक्षा तपासणी होते, आणि लग्न मोडले तर ते कार्ड रद्द होऊ शकते.