गांजाचं झाड आणि शरीरातला 'आनंद'

सातारा-सांगलीकडे एक बातमी अधूनमधून ठरलेली असते: उसात किंवा हळदीत लपवून लावलेली गांजाची झाडं सापडली, गुन्हा दाखल. मंडळी, आज आम्ही त्या झाडामागून थेट मेंदूपर्यंत जाणार आहोत.

१८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा, चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्या वेळी तासगाव, वाळवा, खानापूर सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. देशभरातून ११९३ साक्षी घेतल्या गेल्या. निष्कर्ष असा निघाला की बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, सरसकट बंदी नको. (महसुलाचा विचार होताच!) पण हे झाड शरीरात नेमकं करतं काय, हे सांगण्याचं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये मेशूलम आणि गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, वेगळा केला. १९८८ मध्ये अमेरिकेत हाउलेट आणि डिव्हेन यांना मेंदूत त्याची ठरावीक जागा सापडली. आता, हे कुलूप काही गांजासाठी बसवलेलं नसणार. किल्ली शरीरातच हवी. ती १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून मिळाली. मेशूलम यांच्या गटाने तिला नाव दिलं 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून. शब्द आपला, शोध परका. आम्हाला याची थोडी चुटपुट लागते.

ही किल्ली उलट्या वाटेने चालते. निरोप घेणारी पेशी गरजेपुरती ती बनवते आणि निरोप धाडणाऱ्या पेशीला सांगते, 'जरा हळू.' मग एक विकर तिला मोडून टाकतं. वेदना, भूक, स्मृती, सगळीकडे तिचा हात.

मग औषधं का मिळत नाहीत? कारण कुलूप एक, खोल्या अनेक. भूक कमी करायला ते कुलूप अडवणारं रिमोनाबँट २००६ मध्ये युरोपात आलं. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबवलं गेलं, २००९ मध्ये भारतातही बंदी आली. उलट बाजूने, ते विकर रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात एक निरोगी स्वयंसेवक दगावला. पुढे दिसलं की ते औषध भलत्याच प्रथिनांनाही चिकटत होतं.

यश आलं ते आडवाटेने. झाडातलंच, पण नशा न आणणारं कॅनाबिडिऑल २०१८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या तीव्र अपस्मारासाठी मान्य झालं, आणि त्याचा परिणाम मुख्यतः या कुलपातून होत नाही!

आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे तुरे. नुसती पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर. म्हणून तर भांग राज्यांच्या नियमांवर चालते.