प्रथमोपचार पेटी

डॉक्टरी मदत मिळेपर्यंत करायच्या उपचारांचे साहित्य ठेवण्याची पेटी. भारतात कारखाने अधिनियम, 1948 नुसार कारखान्यात दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी बंधनकारक होती. तथापि पेटीचा कस वस्तूंच्या संख्येवर ठरत नाही. पेटी जिथे ठेवायची तिथे कोणती इजा संभवते आणि दवाखाना किती दूर आहे, यावर ठरतो. स्वयंपाकघरात भाजण्याचा धोका मोठा. तिथे पहिला उपचार नळाचे वाहते पाणी. म्हणून पेटीत मलमांच्या ट्यूबांपेक्षा निर्जंतुक, न चिकटणारी पट्टी हवी. शेतावर नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचा दंश गृहीत धरावा लागतो. हातपाय हलू नयेत म्हणून फळी व रुंद पट्टी पुरे. जखम कापायला ब्लेड आणि करकचून आवळायला दोरी या वस्तू अपायकारकच, कारण खरा उपचार असलेले प्रतिसर्पविष रुग्णालयातच द्यायचे असते. गड चढणाऱ्यांना क्रेप बँडेज व जलसंजीवनीची पाकिटे अधिक उपयोगी.

सर्वांसाठी एकच पेटी सोयीची, असा आक्षेप घेतला जातो. हातमोजे, गॉझ, चिकटपट्टी, कात्री हा पाया समान असावा, हे खरेच. पण सर्व शक्यता कोंबलेल्या पेटीत ऐन रक्तस्रावाच्या वेळी गॉझच हाती लागत नाही. पेटीला कुलूप लावू नये आणि मुदत संपलेली औषधे वेळच्या वेळी बदलावीत.